हुशार पोरांची वेगळी बॅच, की त्याच वर्गात तीन पायऱ्या?

सातवीचा गणिताचा तास. फळ्यावर पाच उदाहरणं लिहून मी वळते तोच खिडकीजवळून आवाज येतो, "बाई, माझं झालं की. आता काय करू?" बावीस पोरांच्या वर्गात निम्मी अजून समास आखत असतात, एकाला सातचा पाढा अडलेला असतो, आणि हा हात झटकून मोकळा. अशा पोराला मी कित्येक वर्षं एकच उत्तर दिलं, "आणखी पाच सोडव." काही दिवसांनी त्याचा "झालं" हा आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, गाडी रुळावर आली. खरं म्हणजे तो हळू सोडवायला शिकला होता.

कर्नाटकातल्या बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांत शाळा उघडली की एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत हा विषय निघतोच. पालकांचं म्हणणं साधं असतं: चार-पाच हुशार मुलं वेगळी काढा, शाळा सुटल्यावर तासभर बसवा, नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेला, पाठवा. नवे शिक्षक प्रशिक्षणातून 'स्तरनिहाय अध्यापन' हा शब्द घेऊन आलेले असतात, म्हणजे एकाच विषयाची सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्यांची कामं; त्यांना सगळं वर्गातच करायचं असतं. मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल आधीच सांगून टाकते: रोजच्या शिकवण्याला पायऱ्या, परीक्षेपुरती बॅच. मात्र ज्या शाळेत दोन शिक्षक आणि सात वर्ग आहेत तिथे हे वाक्य इतकं सोपं राहत नाही.

पायरी म्हणजे जास्तीची गणितं नव्हेत

या विषयावर ज्यांचं काम शिक्षणशास्त्रात नेहमी सांगितलं जातं त्या कॅरल ॲन टॉमलिन्सन बाईंची मांडणी अशी, की शिक्षक तीन जागी फरक करू शकतो: काय शिकायचं त्यात, कसं शिकायचं त्यात, आणि शेवटी मुलाने काय करून दाखवायचं त्यात. विषय मात्र सगळ्यांचा एकच राहतो. आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. हुशार पोराला दहाऐवजी वीस उदाहरणं म्हणजे वरची पायरी, असा समज आहे. ती शिक्षा झाली.

माझा एक तास जसा झाला तसा सांगते. विषय परिमिती आणि क्षेत्रफळ. पुस्तकात बाग आणि पोहण्याचा तलाव होता, मी शेत घेतलं, कारण आमच्याकडे उताऱ्यावर एकर-गुंठे असतात आणि घरात वाटणीची गोष्ट पोरांच्या कानावर रोज पडते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

पहिल्या पायरीला एका गुंठ्याच्या चौकोनी तुकड्याला एक फेरा तार किती लागेल ते काढायचं होतं, आणि तीन फेरे घेतले तर किती तेही. १३२ फूट आणि ३९६ फूट. दुसऱ्या पायरीला ६६ बाय ९९ फुटांचं शेत: किती गुंठे, आणि एका फेऱ्याला तार किती? सहा गुंठे, ३३० फूट. तिसऱ्या पायरीच्या कार्डावर मी एकच ओळ लिहिली होती: 'सहा गुंठ्यांची आणखी शेतं काढा आणि कोणाला तार कमी लागते ते सांगा, कारणासह.'

तिसऱ्या पायरीला चारजण होते. त्यांनी ३३ बाय १९८ फुटांची पट्टी काढली. क्षेत्र तेच सहा गुंठे, पण तार ४६२ फूट, म्हणजे दर फेऱ्याला १३२ फूट जास्त. "एका गुंठ्याचं अख्खं कुंपण वाया गेलं की," एक पोरगी म्हणाली. मग शेत चौरसाकडे नेलं की तार कमी होत जाते हे त्यांनीच कागदावर आकडे मांडून पकडलं. सुमारे ३२३ फुटांवर थांबले आणि तिने विचारलं, "बाई, शेत गोल असलं तर?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर काढलं, सुमारे २८७ फूट. सगळ्यात कमी. मग शेतं गोल का नसतात? तिसऱ्या पायरीवरचे चौघे गप्प. बोलला तो पहिल्या पायरीवरचा, ज्याचे वडील भात करतात आणि जो रोपं लावायच्या दिवसांत शाळेला येत नाही. "नांगर कसा फिरवणार? आणि चार गोल शेतांच्या मधला कोपरा कुणाच्या उताऱ्यावर चढणार?"

बॅचमध्ये हा पोरगा खोलीतच नसता.

बॅचची बाजूही खोटी नाही

एवढं सांगितल्यावर वेगळी बॅच वाईटच, असं कुणाला वाटेल. तसं नाही. लहान गावात तेज पोराची खरी अडचण एकटेपणाची असते. वर्गात त्याच्याशी वाद घालणारं कुणी नसतं. शेजारच्या दोन वर्गांतली चार-पाच पोरं तासभर एकत्र बसली की त्यांना पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं भेटतात. शिक्षकालाही तयारी एकदाच करावी लागते.

आणि परीक्षा. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण एकट्या मानसिक क्षमता चाचणीचे: आकृत्या पूर्ण करा, वेगळी ओळखा, आरशातलं चित्र कोणतं. अंकगणित आणि भाषा मिळून उरलेले ५०. म्हणजे निम्मी परीक्षा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. वर्गात कितीही सुंदर पायऱ्या लावा, आकृत्यांचा सराव वेगळा बसून घड्याळ लावून करावा लागतो. पाचवीत असताना एकदाच बसता येतं, दुसरी संधी नाही. राज्याची मोरारजी देसाई निवासी शाळा किंवा मुलींसाठी कित्तूरची सैनिकी शाळा डोळ्यासमोर असेल तरी गणित तेच, दोन्हीकडे सहावीला प्रवेशपरीक्षेतूनच जावं लागतं. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतही निम्मा पेपर मानसिक क्षमतेचा. तिथे मिळालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये येतात, आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरात ते पैसे दिसतात.

बॅच फसते ती 'आत कोण' या प्रश्नावर. आम्ही ती एकूण गुणांवर निवडायचो. सीमाभागात एकूण गुण हे फार लबाड माप आहे. इथल्या मराठी माध्यमाच्या पोराला मराठी, इंग्रजी आणि कन्नड, तिन्ही भाषा ओढाव्या लागतात. राज्याच्या २०१५ च्या कायद्यानंतर कन्नड सगळ्याच शाळांत आलं, आणि यायलाही हवं, पोरांना इथेच जगायचंय. पण ज्याच्या घरात, गल्लीत, देवळात कन्नड कानावर पडत नाही, तो गणितात तिसऱ्या पायरीवर आणि कन्नडमध्ये पहिल्या पायरीच्याही खाली असतो. निपाणीकडे याच्या उलटी पोरं भेटतात. बाजारात बसून दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलतात आणि अपूर्णांक दिसला की घाम फुटतो. एकूण गुणांनी दोघंही बॅचच्या बाहेर. पायऱ्यांमध्ये तोच पोरगा दहा वाजता वर असतो, अकरा वाजता खाली. त्यात लाज राहत नाही, कारण सगळेच वरखाली होत असतात. मला विचाराल तर आमच्या भागात पायऱ्यांच्या बाजूने हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

शिक्षकाचं काय

इथे पायऱ्यांची बाजू लंगडी पडते. रोज, प्रत्येक विषयाला, तीन-तीन कार्डं कुणी माणूस काढू शकत नाही. अतिथी, म्हणजे तात्पुरत्या, शिक्षकाच्या भरवशावर चाललेल्या शाळेत तर नावच घेऊ नये. मी पहिल्या वर्षी सगळ्या विषयांना पायऱ्या लावायला गेले आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत दमून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी एकच विषय, आठवड्याला दोन तास, आणि तीनऐवजी दोनच पायऱ्या. ते टिकलं. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिली आणि पुढच्या वर्षी तीच वापरली. बॅचला ही तयारी लागत नाही, पण रोजचा एक तास शाळेनंतर लागतो, आणि जांबोटीकडे जाणारी बस त्या तासासाठी थांबत नाही. लांबची मुलं, त्यातही मुली, बॅचमधून आधी गळतात. हुशारीने नव्हे, बसच्या वेळेने.

हे काही आभाळातून पडलेलं नाही, हेही नव्या शिक्षकांना सांगते. राज्यात पहिली ते तिसरीला नली-कली आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली ती पद्धत सगळीच पायऱ्यांवर उभी आहे. मुलं पाच गटांत बसतात: शिक्षकाच्या पूर्ण मदतीने शिकणारी, थोड्या मदतीने शिकणारी, सोबत्यांच्या मदतीने, सोबत्यांच्या थोड्या मदतीने, आणि स्वतःचं स्वतः शिकणारी. मूल जिथे असेल तिथून पुढे चढतं. मग चौथीत आलं की आम्हीच त्याला सगळ्यांबरोबर एका पानावर आणून बसवतो. सवय मोडतो ती आम्ही.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नका. पुढे गेलेल्या पोरीला मी 'छोटी बाई' केलं. तिचं झालं की मागच्यांना शिकवायचं. सगळ्यांना आवडलं, शाळांच्या समूह केंद्रातून पाहायला आलेल्या साहेबांनाही. दिवाळीनंतर ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मला कधी शिकवणार?" आठवड्यातून एखाद्या वेळी दुसऱ्याला समजावणं चांगलं, त्यात स्वतःचंही पक्कं होतं. पण ती वरची पायरी नव्हे, फुकटची मदतनीस झाली. तिसऱ्या पायरीलाही शिक्षकाची दहा मिनिटं लागतात, आणि ती पहिल्या पायरीतून काढून द्यायची नसतात. मी पहिल्या गटाला सुरुवातीची पंधरा मिनिटं देते, तोवर वरचे कार्डावर झगडतात, मग मी तिकडे जाते. झगडण्याआधी गेलं तर काही उपयोग नाही.

बाकीचे दोन रस्ते, थोडक्यात

वर्ग ओलांडून पुढे टाकणं. बाहेरच्या देशांतले अभ्यास सांगतात की नीट निवडलेली अशी मुलं अभ्यासात मागे पडत नाहीत. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा सगळा रोख वयाप्रमाणे वर्ग देण्याकडे आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात प्रज्ञावंत मुलांना जादा साहित्य, विषयवार मंडळं असं पुष्कळ लिहिलंय. कर्नाटकाचं त्या धोरणाशी जमतं की नाही हा निराळा तंटा, पण मंडळ चालवायला कुणाची हरकत नसते.

दुसरा रस्ता म्हणजे पोराला उचलून बेळगावात इंग्रजी माध्यमाला घालणं. हा निर्णय घरचा आहे, मी त्यात पडत नाही. दोन गोष्टी मात्र नाव काढण्याआधी पाहा. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. चौथीत शहरात गेलं की तो हक्क गेला. आणि एनएमएमएस सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी आहे, विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला बसता येत नाही. फीचा हिशोब करताना हे कुणी धरत नाही.

मग तुमच्या शाळेत काय

वर्गाला एक शिक्षक मिळतो आणि पट पंधरा ते तीसच्या आसपास आहे, तर गणितापासून दोन पायऱ्या सुरू करा. तिसरी आपोआप लागते, एखादं पोर ती मागून घेतं. कार्डं टेबलावर उघडी ठेवा, ज्याला हवं त्याने वरचं उचलावं. माझ्या वर्गात पहिल्या गटातले दोघं दर आठवड्याला तिसरं कार्ड उचलून पाहतात, बहुतेक वेळा परत ठेवतात.

एकाच शिक्षकाकडे तीन-चार वर्ग असतील तर पायऱ्यांच्या नादी लागू नका, गट वर्गाप्रमाणे न करता त्या-त्या विषयातल्या पातळीप्रमाणे करा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मागे राहिलेल्या मुलांसाठी जी पद्धत रुळवली, की दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसायचं, ती पुढे गेलेल्यांनाही चालते. पाचवीचा पोर भागाकाराला सातवीत बसला तर कुणाचं काही जात नाही.

आणि पाचवीत नवोदयला बसणारी चार मुलं असतील तर बॅच काढाच. पण शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, म्हणजे लांबच्या मुलींना दुपारची बस मिळते. निवड गुणांवर करू नका. आकृत्यांचं एक पान सगळ्या पाचवीला द्या, वीस मिनिटं. गेल्या खेपेला आमच्या पहिल्या तिघांत एक असा निघाला, ज्याला कन्नडमध्ये पास व्हायला दोनदा बसावं लागलं होतं.