पॅन्क्रियाटायटिसचा पुढचा स्कॅन: सीटी की एमआरआय?

दादाला गंभीर पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झाला तेव्हा ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात आमचा दीड महिना गेला. आता सीटी करायचा की एमआरआय, हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा आला. निर्णय डॉक्टरांचाच, पण नातेवाइकांनाही विचारतात, म्हणून लिहितोय.

पहिल्या आठवड्यात कॉन्ट्रास्ट सीटीच, म्हणजे शिरेतून डाय देऊन केलेला. काही मिनिटांत उरकतो, ऑक्सिजनवरच्या माणसालाही झेपतो, आणि जंतुसंसर्गाने झालेले हवेचे बुडबुडे त्यात चटकन दिसतात. फक्त घाई नको. आमचा सीटी दाखल केलं त्याच रात्री झाला. नुसती सूज दिसली आणि आम्ही निर्धास्त झालो. स्वादुपिंडाचा किती भाग मेलाय, हे साधारण ७२ तासांनंतरच नीट कळतं. पाचव्या दिवशीच्या सीटीत नेक्रोसिस, म्हणजे मेलेला भाग, निघाला.

खरा पेच चौथ्या आठवड्यानंतरचा. तोवर स्वादुपिंडाजवळ जे साचलेलं असतं त्याभोवती भिंत धरते. आत नुसतं पाणी आहे की मेलेल्या भागाचे घट्ट तुकडे, यावर पुढचे उपचार ठरतात आणि नेमकं तेच सीटीत पुष्कळदा कळत नाही. आमच्या तेव्हाच्या सीटी रिपोर्टात 'कलेक्शन' (काहीतरी साचलंय) एवढंच होतं. त्यावरून बारीक ड्रेन, म्हणजे साचलेलं बाहेर काढायची नळी, टाकला. पहिल्या दिवशी थोडं आलं, मग थेंब नाही. सिस्टर सलाइनने नळी धुवायच्या, ती पुन्हा तुंबायची, ताप हटेना. आठ दिवस त्या पिशवीकडे बघत काढले. शेवटी एमआरआय झाला. टी-टू नावाच्या एमआरआय चित्रात पाणी पांढरंशुभ्र, आणि त्यात काळपट गाळ. डॉक्टरांनी बोट ठेवलं तेव्हा मलाही दिसला. मग जठरातून दुर्बिणीने रुंद स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी) घालून ते तुकडे काढले.

एमआरआयचा त्रास आहेच. पाऊण तास आडवं पडायचं, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. मशीन नौपाड्यात, त्यामुळे ॲम्ब्युलन्सही आली. खर्चही जास्त. पण दादाचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे किडनीवर ताण होता, आणि पाणी-गाळ बघायला डाय लागलाच नाही. त्याच वेळी एमआरसीपीत (एमआरआयनेच काढलेलं पित्तनलिकांचं चित्र) पित्तनलिकेतला खडाही सापडला, जो आधीच्या एकाही सीटीत दिसला नव्हता.

प्रत्येकाची केस वेगळी, हे मान्य. माणूस अगदीच अस्थिर असेल तर सीटीला पर्याय नाही. पण श्वास रोखण्याइतका सावरला असेल, तर ड्रेन टाकण्याआधी 'आत घट्ट किती आहे?' एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीला आम्ही एमआरआयच केला.