घरघंटी घ्यावी का? आमच्या वापरातलं थोडं, गिरणीबद्दल थोडं

पैसे वाचवायला घेणार असाल तर घरघंटी घेऊ नका, हे आधीच सांगून टाकते. कारण नात्यात, सोसायटीत, जो तो मला हेच विचारतोय की वसूल होते का हो मशीन. साधा हिशोब करा ना. चार माणसांचं घर, महिन्याला २० किलोच्या आसपास दळण, आमच्या भागात गिरणीवाले किलोला दहा रुपये घेतात, म्हणजे महिन्याचे २०० आणि वर्षाचे २४००. आणि बरी घरघंटी १६ हजारांच्या खाली मला तरी दिसली नाही, त्यामुळे साडेसहाहून जास्त वर्षं नुसती किंमत भरून निघायलाच जाणार. विजेचं फार मनावर घेऊ नका, एक एचपीची मोटर असते, तासभर चालवली तर साधारण एक युनिट, आणि तासाभरात सहा-सात किलो गहू सहज निघतात.

मग आम्ही का घेतली आणि मी ती आनंदाने का वापरतेय? त्याचं उत्तर म्हणजे भाकरी.

आमच्या सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. तिकडच्या मालदांडी ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. लग्न होऊन मी शहरातल्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा आम्ही पाच किलो ज्वारी एकदम दळून आणायचो, पहिले आठ-दहा दिवस भाकरी छान व्हायची आणि मग तिला कडेने चिरा पडायला लागायच्या. सासूबाई परातीत पीठ हातात घेऊन दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "विरी गेली गं पिठाची, आता उकड काढूनच कर." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं ना, त्यामुळे भाकरी जुळून येते ती पीठ किती ताजं, किती बारीक आणि पाणी किती गरम यावरच. बाजरीचं तर त्याहून अवघड, तिच्यात तेलाचा अंश बराच, दळली की तो हवेला उघडा पडतो आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट लागायला लागतं. हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत करायचं म्हणून हौसेने पीठ आणावं आणि पंधरा दिवसांनी उरलेलं टाकून द्यावं, हे किती घरांत होत असेल.

पण अर्धा किलो बाजरी घेऊन गिरणीत कोण जाणार? गिरणीवाला नाही म्हणत नाही, पण आधीच्याचं पीठ मशीनमध्ये असतं आणि अर्ध्या किलोत पहिलं पावशेर दुसऱ्याच्या गव्हाचंच येतं. घरघंटीने हा प्रश्न कायमचा सोडवला आमच्यापुरता. आता रविवारी ज्वारी दीड किलो, बाजरी अर्धा किलो, नाचणी लागेल तशी. वरच्या भांड्यात दाणे ओतले, जाळी बघितली, दार लावलं, बटण दाबलं. दाणे संपत आले की आवाज बदलतो, जड घरघर होती ती हलकी आणि चढी होते, तेव्हा लगेच दार उघडायचं नाही, मिनिटभर तशीच चालू द्यायची म्हणजे आतलं सगळं पीठ खालच्या डब्यात उतरतं. डबा काढला की पीठ कोमट असतं आणि ज्वारीचा तो गोडसर वास येतो. पण कोमट असताना झाकण लावू नका, वाफ धरते आणि कडेला गुठळ्या होतात. ताटात पसरून गार करा, मग भरा.

जाळ्यांबद्दल दुकानात कोणी धड सांगत नाही म्हणून लिहिते. मशीनबरोबर वेगवेगळ्या भोकांच्या जाळ्या येतात, त्या बदलल्या की पीठ बारीक-जाड होतं. चपातीची आणि भाकरीची जाळी लोक वापरतात आणि बाकीच्या पिशवीतच पडून राहतात. जाड जाळ्या काढा हो बाहेर! बेसनाच्या लाडवाला जे रवाळ पीठ लागतं ते जाड जाळीतून इतकं सुंदर निघतं की आता आम्ही लाडवाचं बेसन विकत आणतच नाही. तांदळाच्या कण्या, गव्हाची लापशी, डाळ-तांदळाचा जाडसर भरडा, सगळं घरच्या घरी होतं. आणि मोदकाची पिठी, तांदूळ धुवून सावलीत वाळवून सगळ्यात बारीक जाळीने काढली की उकड मऊसूत होते. फक्त तांदूळ खरंच कोरडे हवेत, थोडी जरी ओल असली तरी जाळी लगेच चोंदते.

काय दळू नये तेही सांगते. शेंगदाणे, तीळ असलं तेलकट काही घालायचं नाही, त्याचा लगदा होऊन जाळीवर बसतो. अख्खं हळकुंड नाही. हरभऱ्याची डाळ चालते पण वेळ घेते आणि मशीन तापतं, त्यामुळे दोन किलोच्या वर एका दमात नको. थालीपिठाची भाजणी उत्तम होते, पण भाजून पूर्ण गार झाल्यावरच.

उपासाचं दळण हा आमच्याकडे मोठा फायदा ठरला. राजगिरा, वरई, साबुदाणा गिरणीत न्यायचा म्हणजे आधी कोणाचं काय दळलंय ही शंका असायचीच, आता आदल्या दिवशी मशीन नीट झाडून घेते आणि दळते. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाला सिलिॲकचा त्रास आहे, त्याला गव्हाचा कणसुद्धा चालत नाही, तर त्यांनी जी घरघंटी घेतली तिच्यात गहू आजवर घातलाच नाही आणि घालणारही नाहीत. गिरणीतून दळून आणलेली ज्वारी अशा मुलाला देणं धोक्याचंच, कारण त्याच मशीनमध्ये दिवसभर गहू पडतो. अशा घरांसाठी मी हिशोब-बिशोब न करता सांगेन, घ्याच.

आता त्रासाचं. साफसफाई करायची तयारी नसेल तर हे मशीन तुमचं नाही. आतल्या कोपऱ्यांत, दाराच्या रबराखाली आणि हवेसाठी जी कापडी पिशवी असते तिच्यात पीठ राहतं. पावसाळ्यात आठवडाभर दुर्लक्ष झालं की जाळं धरतं, पोरकिडे होतात. मी दर वेळी ब्रशने झाडते आणि धान्य बदलताना पुढच्या धान्याची एक मूठ आधी फिरवून घेते, ते मिश्र पीठ वेगळ्या वाटीत ठेवते आणि थालीपिठात घालते. आवाजही आहे, मिक्सरसारखा कर्कश नाही पण जास्त वेळ चालणारा, त्यामुळे दुपारी दोन ते चार आणि रात्री आठनंतर आम्ही लावत नाही, खाली जाड रबरी चटई घातली आहे. पॉइंट पंधरा अँपियरचा आणि अर्थिंग चांगलं असलेला हवा, मोबाईल चार्जरच्या बोर्डावर लावू नका. आणि सर्व्हिस, ती मात्र कटकट आहे. बेअरिंगचा आवाज यायला लागला तेव्हा कंपनीचा माणूस चार-पाच फोन झाल्यावर उगवला, वॉरंटी असूनही. त्यापेक्षा जवळचा एखादा मोटर दुरुस्त करणारा आधीच माहीत करून ठेवा.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. आपल्या आज्या-पणज्या पहाटे उठून जात्यावर दळायच्या. समाजअभ्यासक हेमा रायरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. मला त्या ओव्यांचं कौतुक आहेच, पण जिला रोज ते जड जातं ओढावं लागत होतं तिला गिरणी आली तेव्हा किती हायसं वाटलं असेल! पहाटेचे दोन तास परत मिळाले तिला. आणि गिरणी आल्यावर एक चांगली गोष्ट झाली, दळण हे घरातल्या पुरुषांचं आणि पोरांचं काम झालं. सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून माझे वडील जायचे, भाऊ जायचा, चाळीतल्या सगळ्या घरांतून हेच दिसायचं.

आणि घरघंटी आली की ते काम गुपचूप पुन्हा स्वयंपाकघरात शिरतं. मशीन ओट्याशेजारी, मग निवडणं, दळणं, पीठ गार करणं, ब्रश मारणं सगळं बाईकडे, कोणी सांगतही नाही, आपोआप होतं. माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांत अगदी असंच झालंय आणि त्या बायका म्हणतात, "सोय झाली गं." कोणाची सोय झाली? आमच्याकडे मशीन घरात यायच्या आधीच मी सांगितलं होतं की आजवर दळण जो आणत होता तोच ते दळणार. त्यामुळे रविवारी नवरा दळतो आणि मुलगी ब्रश मारते, उपासाचं आणि सणाचं तेवढं मी बघते. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नाही. आता त्याच त्याला सांगतात, "अरे, ज्वारीला ती दुसरी जाळी लाव."

गिरणी आम्ही सोडलेली नाही. वर्षाचा लोकवन गहू घरात असतो, चपातीचं दहा-दहा किलोचं दळण अजून तिकडेच जातं, दगडाच्या गिरणीतल्या पिठाची चपाती आम्हाला जास्त आवडते. दिवाळीत चकलीची भाजणीही तिथेच, कारण आमचे गिरणीवाले काका डब्यातलं धान्य बोटांनी चाळून सांगतात की भाजणी कमी भाजली गेलीय, परत परतून आणा. असं सांगणारं माणूस टिकावं असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांची दळणं घेऊन चार पैसे कमवायचेत त्यांनी हे एक एचपीचं घरगुती मशीन घेऊ नये, ते सलग तासन् तास चालवायला नसतं, दोन-तीन एचपीचं वेगळं मिळतं ते बघा आणि मीटरचा लोड वाढवावा लागेल का ते आधी वायरमनला विचारा.

आणि दुकानात जाताना घरून किलोभर ज्वारी आणि पावशेर हरभरा डाळ पिशवीत घेऊन जा. दुकानदाराला तुमच्यासमोर दळून दाखवायला सांगा, मग जाळी स्वतःच्या हाताने काढून परत बसवून बघा. काही मशीनची जाळी इतकी घट्ट बसते की काढताना बोटं सोलवटतात. तिथे काढायला त्रास झाला तर ते मशीन घेऊ नका, दुसरं दाखवायला सांगा.