बायो ठेवायचं की बायफोकल सीएस घ्यायचं?

भाचीचा अकरावी सायन्सचा फॉर्म भरायचाय आणि गेले चार दिवस तिचा एकच प्रश्न चाललाय, मामा बायो ठेवू का सीएस घेऊ. तिच्यासारखी बरीच मुलं याच ठिकाणी अडकलेली असतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे ४०० मार्कांचं ज्यांचं ठरलेलं आहे त्यांच्यासाठीच हे आहे. उरलेल्या २०० मार्कांचं काय करायचं एवढाच प्रश्न. एक तर मराठी-हिंदी वगैरे भाषा आणि बायो, नाहीतर ते दोन्ही सोडून बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स, पूर्ण २०० चा एकच विषय.

आधी मेडिकलचं बोलून घेतो. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायचा मनात थोडा जरी विचार असेल तर बायोच घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोचे असतात, आणि एमबीबीएस सोडून बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएसला (होमिओपॅथी) जायचं तरी दार तेच. २०२३ पासून बारावीनंतर बायो अ‍ॅडिशनल विषय म्हणून देऊनही नीटला बसता येतं हे खरं, पण दोन वर्षं न शिकलेला विषय नंतर एकट्याने उभा करणं किती जणांना जमेल मला शंका आहे. फार्मसीसाठी मात्र बायो लागतंच असा एक समज आहे तो चुकीचा आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवर बी. फार्मला जाता येतं.

दुसरं म्हणजे बायफोकल स्कोअरिंग आहे म्हणून घ्या हे कुणी सांगितलं तर त्यावर फार जाऊ नका. स्कोअरिंग आहे हे खरंय, दोन पेपर, प्रत्येकी ५० थिअरी आणि ५० प्रॅक्टिकल, मन लावून केलं तर मार्क भरपूर पडतात. पण इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर होते, तिथे बारावीचे मार्क पात्रतेपुरते, ओपनला ४५ टक्के. सीईटीच्या २०० मधले १०० एकट्या मॅथ्सचे. त्यामुळे खरा हिशोब वेळेचा आहे. बायोचं पाठांतर आणि जर्नल सांभाळून मॅथ्सला किती तास उरतात ते बघा, मला तरी ते कमी पडत होते.

आता माझं सांगतो. मी अकरावीला बायो आणि मराठी घेतलं होतं आणि दोन महिन्यांनी बदलून सीएसला गेलो, म्हणजे दोन्हीकडे थोडंथोडं बसलोय. बायो मला आवडत नव्हतं असं अजिबात नाही, किडनीत रक्त कसं गाळलं जातं ते मॅडमनी फळ्यावर शिकवलेलं मला आजही आठवतं. मी सोडलं ते जर्नलमुळे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड, मायटॉसिस म्हणजे पेशीविभाजन बघायचं होतं. वीस जणांच्या बॅचला एक मायक्रोस्कोप, प्रत्येकाला अर्धा मिनिट, मला दिसले गुलाबी चौकोन आणि त्यात काही काळपट ठिपके, एका ठिकाणी दोन पुंजके लांब होताना दिसल्यासारखे वाटले. मी तेच काढलं. तर ते परत आलं, पुस्तकात बघून काढ, चारही फेज दिसल्या पाहिजेत, लेबलच्या रेघा पट्टीने आणि सगळ्या उजव्या बाजूला. दुसऱ्यांदा काढलं तर रेघा एकमेकींना छेदत होत्या म्हणून परत, तिसऱ्यांदा सही मिळाली. तिसरी आकृती सुंदर होती पण त्यात मी डोळ्यांनी बघितलेलं काहीच नव्हतं. त्याचा मला फार त्रास झाला. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही, चांगल्या लॅबमध्ये निवांत बघू देत असतील. पण अख्ख्या वर्गाची जर्नलं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली असतात हे ज्यांनी बायो केलंय ते मान्य करतील.

सीएसला गेल्यावर आठवड्याभरात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं किट समोर आलं. हिरवा बोर्ड, वर लाल आकड्यांचा डिस्प्ले, खाली कॅल्क्युलेटरसारखी बटणं. दोन आकड्यांची बेरीज करायची, प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा आणि मग एकेक कोड टाकत जायचं. मेमरीतल्या सी०५० आणि सी०५१ या पत्त्यांवर आकडे ठेवायचे, उत्तर सी०५२ ला यायला पाहिजे. मी पहिली ओळ २१ सी० ५० अशी टाकली (२१ हा पत्ता घ्यायला सांगणारा कोड), कारण आपण पत्ता तसाच वाचतो. उत्तर भलतंच. पुन्हा टाकलं, पुन्हा भलतंच. सर काही बोलले नाहीत, शेजारी उभे राहिले फक्त. मग लक्षात आलं की या प्रोसेसरला पत्त्याचा मागचा भाग आधी द्यायचा असतो, २१ ५० सी०, मी त्याला दुसऱ्याच जागेवर पाठवत होतो. तेवढं बदललं आणि पाच अधिक तीनचे ०८ समोर लागले. माझी चूक मशीनने दाखवली आणि बरोबर झालं तेही मशीननेच दाखवलं, पुस्तकात बघून उत्तर लिहायची सोयच नव्हती. त्या दिवसापासून मी बायोकडे परत बघितलं नाही.

सीएसमध्ये उणं नाही असं नाही. ८०८५ इंटेलने १९७६ साली आणलेला, आणि आमच्या लॅबमध्ये सी प्लस प्लस शिकवलं ते टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या स्क्रीनवर, आयओस्ट्रीम डॉट एच असं जुन्या पद्धतीने लिहून. इंजिनिअरिंगला गेल्यावर तोच प्रोग्राम नव्या कंपायलरवर चालेना आणि बऱ्याच सवयी मोडाव्या लागल्या. पण मायक्रोप्रोसेसर हा विषय आला तेव्हा बाकीचे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतली आकडे ठेवायची जागा) म्हणजे काय इथे अडकलेले आणि मला ते सगळं ओळखीचं होतं, अभ्यास निम्मा वाटला. मराठी सुटलं त्याची खंत मात्र आहे, दहावीपर्यंत माझा आवडता विषय होता तो आणि बायफोकल घेतलं की भाषेला जागाच राहत नाही.

आयटी हा मधला मार्ग आहे, १०० मार्कांचा, भाषेच्या जागी घेऊन बायोही ठेवता येतं. वेब पेज, जावास्क्रिप्ट असं हलकंफुलकं आहे, परीक्षा कॉम्प्युटरवरच होते. ज्यांचं अजून काहीच ठरत नाही त्यांनी आयटी आणि बायो घ्यावं, वाईट नाही. मला स्वतःला ते थोडं वरवरचं वाटतं, पण मी घेतलेलं नाही त्यामुळे याहून जास्त बोलत नाही.

भाचीला मी सीएसकडे झुकवतोय हे तिच्या लक्षात आलंय. पण तिला एक काम सांगितलंय. फॉर्ममध्ये कॉलेजचं नाव टाकायच्या आधी तिथल्या बारावीच्या मुलांना गाठायचं आणि विचारायचं की लॅबमधली किती किट चालू आहेत आणि एका किटवर किती जण बसतात. एका किटवर दोन-तीन जण असतील तर डोळे झाकून सीएस घे. सात-आठ जण एका किटभोवती उभे राहत असतील, एकजण बटणं दाबतोय आणि बाकीचे आउटपुट उतरवून घेतायत, तर तेही जर्नलच झालं, मग बायोच ठेव. आणि बायफोकलची वेगळी फी किती तेही त्याच फेरीत विचारून ये, सीट कमी असतात, नंतर बदलून मिळेलच असं नाही.