विमानाचं अंतर मोजणारं ॲप: वर्षभर वापरून झाल्यावर

परवा सकाळी बँकेचा मेसेज आला, ३९९ रुपये कापले. दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या ॲपचे. जाहिराती नकोत म्हणून गेल्या वर्षी पैसे भरले होते, पण ते दरवर्षी आपोआप कापले जाणार हे मला कोणी ठळक सांगितलं नव्हतं. गेलेच आहेत, तर अनुभव लिहून टाकते.

ॲप घेतलं आईसाठी. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, आणि भाऊ सॅन फ्रान्सिस्कोला. ती एका दमात किती तास बसून राहणार, एवढंच मला हवं होतं. मुंबईहून सरळ अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. दुबईमार्गे १५ हजारांच्या आसपास, फ्रँकफर्टमार्गे १५,७००. दुबईचं तिकीट स्वस्त, मी तेच काढणार होते. मग टप्पे उलगडून बघितले: दुबईपर्यंत १,९०० आणि पुढे एकाच झेपेत १३,०००! थांबा असून नसल्यासारखा. फ्रँकफर्टला ६,६०० आणि ९,१०० अशी वाटणी. आठ हजार रुपये जास्त गेले. मी दहा रुपयांच्या कोथिंबिरीला घासाघीस करणारी बाई, पण ते आनंदाने भरले. फ्रँकफर्टहून आईचा फोन आला, "पाय सुजले नाहीत गं." त्या दिवशी मी ॲपला पाच तारे दिले.

नकाशावरची रेघ रशियाच्या डोक्यावरून जाते, ते भाचीला पटेना. पृथ्वीच्या गोलावर शिवणाचा दोरा मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणून धरला, तर तो आपसूक सैबेरियावरून आर्क्टिककडे सरकला. आईसुद्धा चष्मा लावून बघत बसली होती.

आता तक्रार. हे ॲप जाता-येता एकच वेळ दाखवतं. अंतर भागिले ताशी ८५०, वर अर्धा तास. फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को ११ तास १२ मिनिटं, उलटही तेवढाच. आईच्या तिकिटावर जाताना साडेअकरा तास होते, येताना पावणेअकरा. त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, तो हिशेबात धरायलाच हवा. पाऊण तास किरकोळ वाटेल, पण आखडलेल्या गुडघ्यांना विचारा.

तीन मेल केले. उत्तर आलं, "दोन्ही बाजूंनी अंतर सारखंच असतं." मी अंतराबद्दल विचारलंच नव्हतं! ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट लांबून १५,३०० किलोमीटर झाली, तरी वारा पाठीशी असल्याने दोनेक तास वाचले. हे सगळं लिहून पाठवलं. त्यावर उत्तर नाही. रागाने दोन तारे केले.

पुणे–मुंबई विमानतळ १२४ किलोमीटर दाखवतं. कोथरूडहून निघून आम्ही घाटात अडकलो, चार तास लागले, पण तो दोष ॲपचा नाही.

आज तीन तारे देते. टप्प्यांची सोय खरंच उपयोगाची आहे, आणि ती मला दुसरीकडे इतकी सरळ मिळाली नाही. पैसे आपोआप कापायची परवानगी काढून टाकली आहे. वहिनीची आई ऑक्टोबरात त्याच वाटेने निघते आहे, तिचे टप्पे यावरच काढले. वेळ मात्र वहीत माझ्या हाताने लिहिला: जाताना वीस मिनिटं अधिक, येताना पंचवीस वजा.