पेपर ‘अंडर रिव्ह्यू’ असताना: ट्रॅकिंगच्या सोयींचा काही महिन्यांचा अनुभव

विदर्भातल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा आमचा पेपर एडिटोरियल मॅनेजर ही पेपर स्वीकारायची ऑनलाइन प्रणाली वापरणाऱ्या एका जर्नलकडे होता. त्याआधीचा एक स्कॉलरवन या तशाच दुसऱ्या प्रणालीवरून गेला होता. दोन्हीकडे महिनोन्‌महिने लॉगिन करून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय: पेपर कुठवर आलाय ते दाखवणाऱ्या स्टेटसपेक्षा त्याच्या शेजारची तारीख जास्त सांगते.

‘विथ एडिटर’ आठवडेच्या आठवडे दिसलं की पोटात गोळा येतो. पण त्याचा अर्थ पेपर नापसंत पडला असा होत नाही. संपादक एकतर तो वाचत असतात किंवा रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, शोधत असतात, आणि हे दुसरं काम फार वेळ खातं. रिव्ह्यू करायला बहुतेक ठिकाणी एक पैसाही मिळत नाही, विषयातली माणसं मोजकी, नकारावर नकार येतात. स्टेटस तेच राहून नुसती तारीख बदलली, तर आत काहीतरी हललंय एवढं समजावं. ‘रिक्वायर्ड रिव्ह्यूज कम्प्लीटेड’ (हवे तेवढे रिव्ह्यू आले) दिसल्यावर पुन्हा ‘अंडर रिव्ह्यू’ आलं तरी घाबरू नये. दोन रिव्ह्यूंची तोंडं दोन दिशांना असली की संपादक तिसऱ्याला विचारतात. स्कॉलरवनवर ‘अवेटिंग रिव्ह्यूअर सिलेक्शन’ (रिव्ह्यूअर निवडायचेत) किंवा ‘अवेटिंग रिव्ह्यूअर स्कोअर्स’ (त्यांचे अभिप्राय यायचेत) असं दिसलं की गाडी कुठे अडलीय ते लगेच कळतं. मात्र लेखकाला किती दाखवायचं हे जर्नल ठरवतं, त्यामुळे सगळीकडे इतका तपशील मिळेलच असं नाही.

मला सगळ्यात आवडली ती एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेची ट्रॅकिंगची लिंक. कॉरस्पाँडिंग ऑथरला, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला, ती मेलवर येते. किती रिव्ह्यूअरना निमंत्रणं गेली, किती जणांनी होकार दिला, किती रिव्ह्यू आले, हे तिथे वेगवेगळं दिसतं. मी ती सहलेखक असलेल्या सरांनाही पाठवून ठेवली, म्हणजे “काय झालं पेपरचं?” हा फोन येणं थांबलं. निमंत्रणं गेलीत पण होकार नाहीत आणि होकार आलेत पण रिव्ह्यू नाहीत, या दोन अवस्थांत कळवायचा मजकूर निराळा असतो. तो ठरवायला हे आकडे फार कामी येतात.

कारण स्क्रीनकडे बघत बसून पेपर पुढे सरकत नाही, मेल करावाच लागतो. बऱ्याच जर्नलांच्या पानावर पहिल्या निर्णयाला लागणारा सरासरी वेळ दिलेला असतो. तो बराच उलटून गेल्यावरच मी लिहिते. विषयाच्या ओळीत मॅन्युस्क्रिप्ट नंबर, म्हणजे जर्नलने पेपरला दिलेला क्रमांक. आत पेपरचं शीर्षक, पाठवल्याची तारीख, आत्ताचं स्टेटस आणि ते कधीपासून तसंच आहे. मग एकच विचारणा: “रिव्ह्यूअर मिळण्यात अडचण असेल तर आम्ही आणखी काही नावं सुचवू का?” मेल संपादकीय कार्यालयाला जातो, संपादकांना प्रत. फ्लोराइडच्या पेपरवेळी उत्तर आलं की होकार दिलेल्या एका रिव्ह्यूअरकडून काहीच कळत नाहीये, दुसऱ्याला विचारतोय. थोड्याच दिवसांत तारीख बदलली.

पीएचडी करणाऱ्यांची घालमेल मला रोज दिसते. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची देशभरची सक्ती २०२२च्या नियमावलीत गेली, तरी आपल्या विद्यापीठाचा नियम वेगळा तपासून घ्या. तिथे पेपर लागणार असेल, तर वाट बघण्याचे महिने आधीपासूनच वेळापत्रकात धरा.

आणि कितीही उशीर झाला तरी तोच पेपर गुपचूप दुसरीकडे पाठवू नका. एकाच वेळी दोन जर्नलांकडे पेपर असणं प्रकाशनाच्या नीतीत बसत नाही. सगळ्या सहलेखकांची संमती घ्या, पेपर मागे घेत असल्याचं लेखी कळवा आणि मागे घेतल्याचा मेल हातात पडल्यावरच पुढच्या जर्नलचं सबमिशनचं पान उघडा.