डुक्कर फियाट घेतली आणि आरसी बुक निघालं दुसऱ्याच गाडीचं

नागपुरात कोणी तुम्हाला रिस्टोअर केलेली जुनी गाडी "पेपर एकदम क्लिअर" म्हणून दाखवून राहिला असेल तर टोकन द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे साडेचार लाख यात अडकले आहेत आणि तो माणूस अजूनही गाड्या विकतोय.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट, पन्नासच्या दशकातली, तीच उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दरवाज्यांची, गिअर स्टिअरिंगजवळ, १०८९ सीसीचं इंजिन. कामठी रोडच्या एका गॅरेजमध्ये उभी होती. क्रीम आणि मरून असा दोन रंगांचा पेंट, क्रोम नवीन, सीटा नवीन, काम खरंच सुंदर केलेलं होतं. आणि सोबत जुनं आरसी बुक, पिवळी पानं, शाईच्या नोंदी, गोल शिक्के, सगळं असली.

हो, बुक असलीच होतं, खेळ तिथेच आहे.

विकणारा म्हणाला, "भाऊ, बुक आहे म्हणून तुमचं काम पाच हजारात होते, नाहीतर वीस लागले असते." ही माहिती खरी वाटली म्हणून तर विश्वास बसला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली टू-व्हीलर किंवा फोर-व्हीलर धरतात, नवीन नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० फी आहे. जुना नंबर तसाच ठेवता येतो, नव्याने नोंद केली तर नंबरात व्हीए अक्षरं येतात. सर्टिफिकेट १० वर्षांचं. रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. पण त्याच नियमात एक अट आहे जी त्याने तोंडातून काढली नाही, गाडी मूळ रूपातच पाहिजे, चेसिस, बॉडी शेल (बॉडीचा पत्र्याचा सांगाडा), इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही.

मग त्यानेच एक एजंट लावून दिला. एजंटने "कमिटीचा खर्च" म्हणून चाळीस हजार कॅश घेतले आणि काही दिवसांनी व्हॉट्सअॅपवर व्हिंटेज सर्टिफिकेटची पीडीएफ पाठवली. ओरिजिनल नंतर येईल म्हणे. नियमाप्रमाणे ६० दिवसांत सर्टिफिकेट मिळायला पाहिजे, ते दिवस उलटून गेले तरी "साहेब सुट्टीवर आहेत", "सर्व्हर डाऊन आहे" हेच चालू. शेवटी मी स्वतः आरटीओत गेलो तर त्या नंबरचा अर्ज तिथे आलेलाच नव्हता. एक वयस्कर क्लार्क होते, फार भले माणूस, त्यांनी जुनं रजिस्टर काढून दाखवलं, बुकावरची गाडी कधीचीच भंगारात निघालेली आणि तिचं रजिस्ट्रेशन रद्द झालेलं. गाडी भंगारात काढली की मालकाने १४ दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. ते बुक बाहेर कसं राहिलं देव जाणे, पण अशीच बुकं पुढे विकली जातात.

त्यानंतर महाल भागातल्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, चेसिस नंबरच्या प्लेटवर टॉर्च धरला आणि लगेच म्हणाले, "हे पॉप रिव्हेट काहून आहेत? कंपनी असे मारत नव्हती." प्लेटचा एक कोपरा स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यासारखा वाकलेला. मग शेजारच्या पत्र्यावरचा पंच केलेला नंबर बघायला थिनरचा बोळा फिरवला, तर पेंटखाली ग्राइंडरचे आडवे ओरखडे आणि त्यावर नव्याने ठोकलेले आकडे, एक वर एक खाली, सात तर चक्क तिरपा. या फियाटला वेगळी चेसिस फ्रेम नसते, बॉडी हीच चेसिस, म्हणजे शेल बदललं की गाडीच बदलली. भंगारातल्या गाडीचं बुक आणि प्लेट, आणि शेल कोणाचं ते कोणालाच माहीत नाही. चोरीचं निघालं तर गाडी पोलीस जमा करणार आणि उत्तर द्यायला मी उभा. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे, पैसे गेले ते गेले पण एका माणसाने मला चोरीच्या प्रकरणाच्या दारात नेऊन उभं केलं.

इन्शुरन्स मात्र आरामात निघाला होता. तेव्हा पॉलिसी निघाली म्हणजे पेपर खरे असं अजिबात समजू नका, ते तुम्ही दिलेली माहिती टाकून पॉलिसी काढतात.

गाडी बघायला जाताना कागद आणि पेन्सिल घेऊन जा, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्हीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून छाप घ्या, प्लेटवरची नाही, पत्र्यावर पंच केलेल्या नंबरची. ती आरसीशी जुळवा. मग ज्या आरटीओची नोंद आहे तिथे लेखी अर्ज देऊन विचारा की ही नोंदणी चालू आहे की रद्द. जुन्या गाड्यांचं रेकॉर्ड बऱ्याचदा ऑनलाइन चढलेलंच नसते, त्यामुळे अॅपवर काही दिसलं नाही तर विकणारा "जुनी आहे ना भाऊ, दिसत नाही" म्हणून सुटतो. रिस्टोअर करायच्या आधीचे फोटो मागा, ज्याने मनापासून गाडी उभी केली त्याच्याकडे गंजलेल्या सांगाड्याचे ढिगाने फोटो असतात. माझ्या विकणाऱ्याकडे एकही नव्हता. आणि फीची सरकारी पावती आपल्या हातात आल्याशिवाय एजंटला काही देऊ नका, कॅश तर नाहीच.

मी पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, बँक ट्रान्सफर, चॅट, पीडीएफ सगळं जोडून. चाळीस हजार कॅशचा पुरावा नाही, बाकीच्याचा आहे. तेव्हापासून गाडीला हातही लावलेला नाही, ते ओरखडे तसेच राहिले पाहिजेत म्हणून.

आता ऐकलं की तोच माणूस वर्धेकडे एक लँडमास्टर (तशीच पन्नासच्या दशकातली जुनी कार) दाखवून राहिला आहे, सोबत जुनं बुक आहे म्हणे. पेन्सिलची छाप घेऊ द्यायला तो "पेंट खराब होईल" म्हणून नाही म्हणेल, मलाही तेच म्हणाला होता. पेन्सिलने पेंट खराब होत नाही.