तालुका कोर्टातला फुकट वकील : माहा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

बहिणीच्या पोटगीच्या केससाठी तालुका विधी सेवा समितीत गेलो होतो. बाईले उत्पन्नाची अटच नाही, वकील फुकट भेटते, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच हाये, पण आमच्याकडं लोकायले माहीतच नाही अन मंग कापूस इकून फी भरत बसतात. तिथल्या वकील मॅडमनं नोटीस हातात घेऊन एकेक शब्द फोडून सांगतला, अंतरिम पोटगी म्हणजे निकाल लागेपर्यंत महिन्याले भेटाचे पैसे, एकतर्फी म्हणजे समन्स भेटूनही तुमी हजर नाही झाले तं तुमच्याबिगर केस पुढं जाते, अन वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना वाचून तं आमी घाबरलोच होतो, ते जावयानं बायको नांदायले यावी म्हणून टाकलेला अर्ज निंघाला बाप्पा!

फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं १२५ कलम जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १४४ झालं हेबी तिथंच समजलं. आधीचा खाजगी वकील फक्त पुढची तारीख सांगे.

एक स्टार कापला कारण गर्दी लय अन बसाले धड बाकडं नाही. जायच्या आधी १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन लावा, समन्सची कॉपी अन आधार सोबत ठेवा.